पंक्चरचा इतिहास: बेलफास्टच्या अंगणापासून मलायाच्या रबरमळ्यांपर्यंत

१/
डिसेंबर १९४१. मलायाच्या, म्हणजे आजच्या मलेशियाच्या, डांबरी रस्त्यांवरून रात्रीच्या अंधारात एक विचित्र खडखडाट दक्षिणेकडे सरकत होता. दबा धरून बसलेल्या ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांना तो रणगाड्यांचा वाटे. प्रत्यक्षात त्या जपानी सैनिकांच्या सायकली होत्या, आणि त्यांच्या चाकांना टायर नव्हते. वारंवार होणाऱ्या पंक्चरना कंटाळून सैनिकांनी टायर काढून टाकले होते आणि ते उघड्या रिमांवरून पुढे चालले होते.

२/
हे वर्णन मासानोबु त्सुजी या जपानी अधिकाऱ्याने युद्धानंतर लिहून ठेवले. मलाया मोहिमेच्या आखणीत त्याचा मोठा वाटा होता. विजेत्याच्या आठवणी नेहमीच थोड्या सावधपणे वाचाव्या लागतात. तरीही त्या खडखडाटामागे एक प्रश्न उरतोच. जगाला रबर पुरवणाऱ्या देशातून जाणाऱ्या सैन्यावर बिनटायरच्या सायकली चालवण्याची वेळ का आली? उत्तरासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

३/
सायकल आधी आली, पंक्चर नंतर. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये लोकप्रिय झालेल्या वाहनाची चाके लाकडी आणि त्यांवरची धाव लोखंडी असे. दगडी फरसबंदीवर ते इतके हादरे देई की इंग्रजांनी त्याचे नावच ‘हाडे खिळखिळी करणारे’ असे ठेवले. पुढे उंच चाकाच्या सायकली आल्या, त्यांना भरीव रबराची पट्टी होती. हादरे थोडे कमी झाले. आत हवाच नसल्याने पंक्चरचा प्रश्न मात्र नव्हता.

४/
टॉमस स्टीव्हन्स याने १८८४ ते १८८६ या काळात अशाच उंच चाकाच्या सायकलवर जगप्रदक्षिणा केली. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेला हा गृहस्थ युरोप, तुर्कस्तान, इराण ओलांडून हिंदुस्थानात आला आणि लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रस्त्याने गेला. तो पडला, अडखळला, अनेक ठिकाणी सायकल हाताने ढकलत चालला. पण इतक्या हजारो किलोमीटरांच्या वाटेवर त्याला एकदाही पंक्चर काढावे लागले नाही!

५/
हवा भरलेल्या चाकाची कल्पना मात्र त्याच्याही आधीची आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले. रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण, अशी ती रचना होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून चाचणीही झाली. गाडी हलकी आणि जवळजवळ निःशब्द चालली.

६/
तरीही थॉमसनचा शोध विस्मरणात गेला. कारण सोपे होते. त्या चाकांची खरी गरज असलेले वाहन अजून जन्माला यायचे होते. घोडागाडीत श्रम घोड्याचे असतात, सायकलवर स्वतःचे. रस्त्याचा प्रत्येक खड्डा भरीव चाकाला वर उचलतो आणि त्या उचलण्यात स्वाराची ताकद वाया जाते. हवेचे चाक तोच खड्डा स्वतःत दबून घेते. हा फरक पायांना कळतो.

७/
१८८७ च्या सुमारास बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप हा पशुवैद्य आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी करण्याच्या खटपटीत होता. त्याने लाकडी चकतीभोवती पातळ रबराची नळी गुंडाळली, तिच्यात हवा भरली आणि अंगणात ती चकती व तीनचाकीचे भरीव चाक असे दोन्ही घरंगळत सोडले. भरीव चाक मध्येच लोळले. हवेचे चाक अंगण ओलांडून पलीकडे जाऊन आदळले. १८८८ मध्ये डनलपला पेटंट मिळाले.

८/
१८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हा स्पर्धक हे फुगीर टायर लावून उतरला. ते बोजड टायर पाहून प्रेक्षक हसले. ह्यूमने चारही शर्यती जिंकल्या. हरलेल्यांत हार्वी ड्यू क्रॉ या डब्लिनच्या व्यापाऱ्याची मुले होती. बापाने पराभवातला अर्थ ओळखला आणि त्याच वर्षी टायर बनवणारी कंपनी उभी केली. पुढे थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले आणि डनलपचा हक्क रद्द झाला, पण धंदा थांबला नाही.

९/
वेग मिळाला आणि त्याबरोबर एक नवे दुखणेही आले. त्या काळचे रस्ते घोड्यांचे होते. नालांचे खिळे जागोजाग पडलेले असत. पातळ रबराच्या नळीला असा एक खिळा पुरे होता. त्यातच डनलपचा टायर रिमला कापडाच्या पट्ट्या गुंडाळून कायमचा चिकटवलेला असे. छिद्र बुजवायचे तर आधी सगळे उकलायचे आणि शेवटी पुन्हा चिकटवून वाळवायचे. भर रस्त्यात हे करणार कोण?

१०/
१८८९ मध्ये फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ येथील मिशलँ बंधूंच्या रबर कारखान्यात असाच एक अडलेला सायकलस्वार आला. दुरुस्तीला काही तास लागले आणि वाळण्यासाठी टायर रात्रभर ठेवावा लागला. सकाळी एदुआर मिशलँने ती सायकल चालवून पाहिली. काही अंतर गेल्यावर टायर पुन्हा बसला. तेवढ्या छोट्या फेरीत त्याला दोन गोष्टी उमगल्या. हवेच्या चाकाला भवितव्य आहे, पण ते कोणालाही, कोठेही, थोड्या वेळात काढता-घालता आले तरच.

११/
हे कोडे सोडवण्यासाठी एकाच वेळी अनेक डोकी कामाला लागली. १८९० मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स वेल्चने टायरच्या कडेत तार बसवण्याची युक्ती काढली. त्याच वर्षी विल्यम बार्टलेटने रिमच्या वाकवलेल्या कडेत अडकणारा टायर तयार केला. मिशलँने १८९१ मध्ये आपला सुटा टायर आणला. तो स्क्रूंनी आवळावा लागे, पण दिवसभराचे काम आता मिनिटांवर आले. आजच्या सायकलचा टायर हा मुख्यतः वेल्चच्या तारेचा आणि बार्टलेटच्या कडेचा वारसदार आहे.

१२/
परीक्षा लगेच आली. ६ सप्टेंबर १८९१ रोजी ‘ल पती जुर्नाल’ या दैनिकाने पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे १,२०० किलोमीटरांची शर्यत ठेवली. दोनशेहून अधिक स्वार निघाले. शार्ल तेराँच्या सायकलला मिशलँचे सुटे टायर होते, तर त्याचा प्रतिस्पर्धी जीएल-लावाल डनलपच्या टायरांवर होता. वाटेत तेराँची चाके पंक्चर झालीच. ती दुरुस्त करून तो पुढे जात राहिला.

१३/
परतीच्या वाटेवर जीएल-लावाल थोडी झोप घेण्यासाठी थांबला असता तेराँ त्याला मागे टाकून निघून गेला. सुमारे ७१ तासांत, जवळजवळ न झोपता, तो पॅरिसला पोहोचला. दुसऱ्या क्रमांकाचा स्वार कित्येक तासांनी आला. या शर्यतीने एक गोष्ट सिद्ध केली. लांबच्या प्रवासात पंक्चर न होणारा टायर मिळणे अवघड असले, तरी पंक्चर झाल्यावर चटकन सावरणारा टायर पुरेसा आहे.

१४/
मिशलँने हा मुद्दा जाहिरातीतही वापरला. १८९८ च्या प्रसिद्ध भित्तिचित्रात टायरांच्या वळ्यांचा बनलेला एक जाडा पुरुष हातात पेला उंचावून उभा आहे. पेल्यात मद्य नाही, त्यात खिळे आणि फुटक्या काचा आहेत. आमचा टायर रस्त्यावरचे अडथळे पिऊन टाकतो, असा त्याचा आशय. जगभर ओळखला जाणारा मिशलँचा तो फुगीर पुरुष, ‘बिबेंडम’, असा पंक्चरच्या भीतीतून जन्मला.

१५/
भीती खरी होती. १९०५ च्या तूर द फ्रान्समध्ये पॅरिस ते नांसी या पहिल्याच टप्प्यावर कोणीतरी रस्त्यात खिळे पसरले आणि जवळजवळ सगळ्या स्पर्धकांची चाके बसली. त्या काळी नियम असा की दुरुस्ती स्वाराने स्वतः करायची, कोणाचीही मदत घ्यायची नाही. म्हणून जुन्या छायाचित्रांत स्वारांच्या खांद्यांवरून छातीवर जानव्यासारखे सुटे टायर गुंडाळलेले दिसतात.

१६/
नियम किती कठोर होता, हे १९१३ मध्ये दिसले. ओजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वतात मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो मैलोन् मैल चालत एका गावी लोहाराकडे पोहोचला आणि भट्टीवर स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. दोन्ही हात गुंतलेले असल्याने भाता एका मुलाने हलवला. तेवढ्या मदतीबद्दल त्याला वेळेचा दंड झाला.

१७/
शर्यतींच्या या कथा रंजक आहेत, पण टायरच्या इतिहासाची दुसरी बाजू फार काळी आहे. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलचे वेड पसरले, पाठोपाठ मोटारी आल्या आणि रबराची मागणी एकाएकी वाढली. तेव्हा रबर मिळे ते बव्हंशी जंगलातून. ब्राझीलमध्ये झाडांपासून, तर आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्यातील वेलींपासून.

१८/
काँगो हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या वैयक्तिक मालकीचा प्रदेश होता. गावोगावी रबराचा कोटा ठरवून दिलेला असे. तो भरला नाही तर बायकांना ओलीस ठेवणे, गावे जाळणे, माणसे मारणे आणि हात तोडणे हे प्रकार चालत. एडमंड मोरेल हा जहाज कंपनीतील कारकून नोंदी पाहताना चक्रावला. काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंताने भरलेली असत. परत जाताना त्यांत मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा असे. हा व्यापार नव्हताच.

१९/
मोरेलचे लेखन, धर्मप्रसारकांची छायाचित्रे आणि १९०४ चा रॉजर केसमेंट यांचा अहवाल यांमुळे जगाला सत्य कळले. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियमच्या सरकारकडे सोपवावा लागला. युरोपच्या बागांमधून हवेच्या चाकांवर फिरणाऱ्या हजारो लोकांना आपल्या टायरातले रबर कोठून आले, हे तोवर ठाऊकच नव्हते.

२०/
दरम्यान जंगलातल्या रबराला पर्याय उभा राहत होता. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या झाडाची सुमारे ७०,००० बीजे लंडनच्या क्यू उद्यानात आणली. त्यांतली थोडीच रुजली. पुढच्या वर्षी काही रोपे सिंगापूरला पोहोचली. तेथील वनस्पती उद्यानाचा प्रमुख हेन्री रिडली याने झाड न मारता रोज चीक काढण्याची पद्धत बसवली. रबर लावा, म्हणून तो मळेवाल्यांच्या इतका मागे लागे की लोक त्याला वेडा म्हणत.

२१/
सायकल आणि मोटारीने रिडलीला शहाणा ठरवले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मलायाची जंगले तोडून रबराचे मळे उभे राहिले आणि त्यांत राबण्यासाठी तमिळ मजूर मोठ्या संख्येने नेण्यात आले. रबर आणि कथील बंदरांपर्यंत नेण्यासाठी ब्रिटिशांनी उत्तम डांबरी रस्ते बांधले. याच रस्त्यांवरून १९४१ मध्ये जपानी सायकली धावणार होत्या.

२२/
८ डिसेंबर १९४१ रोजी जनरल यामाशिताच्या पंचविसाव्या सैन्याने उत्तर मलायात आणि शेजारच्या थायलंडमध्ये पाय ठेवला. लक्ष्य होते सुमारे १,१०० किलोमीटर दक्षिणेला असलेले सिंगापूर. हजारो सैनिकांना सायकली दिलेल्या होत्या. पाठीवर सामान, सायकलवर बंदूक आणि दारूगोळा. पूल उडवलेला असला की सैनिक सायकल खांद्यावर घेऊन ओंडक्यांवरून नदी ओलांडत. मोटारी तेथे अडून राहत.

२३/
पण ओझे जड होते आणि ऊन कडक. तापलेल्या डांबरावर भारलेले टायर टिकेनात. त्सुजीच्या लेखनानुसार प्रत्येक कंपनीबरोबर किमान दोन दुरुस्ती करणारे सैनिक असत आणि त्यांना दिवसभर उसंत नसे. त्यांचे काम आजच्या रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यासारखेच. ट्यूब काढायची, हवा भरून पाण्यात बुडवायची, बुडबुडे कोठे येतात ते पाहायचे, जागा खरवडायची, सोल्यूशन लावून ठिगळ दाबायचे.

२४/
जपानी बनावटीच्या स्वस्त सायकली युद्धापूर्वीपासून मलायात विकल्या जात होत्या. त्यामुळे लहानसहान गावांतही सुटे भाग मिळत. तरीही घाईच्या वाटचालीत दर पंक्चरला थांबणे परवडेना. मग टायर काढून रिमवर चालायचे. खडकाळ वाटेवर हे अशक्य होते. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर ते जमले. रबर वाहून नेण्यासाठी बांधलेल्या रस्त्यांनी रबर नसलेली चाके चालवून घेतली.

२५/
आवाजाची भीती का बसली, हेही समजून घ्यायला हवे. मलायात ब्रिटिशांकडे रणगाडे नव्हते. अनेक भारतीय शिपाई नवे रंगरूट होते. त्यांनी रणगाडा कधी पाहिलाही नव्हता. शत्रूकडे मात्र खरे रणगाडे होते. ७ जानेवारी १९४२ रोजी स्लिम नदीजवळ त्यांनी पहाटेच्या अंधारात अकराव्या भारतीय डिव्हिजनची फळी फोडली. असे अनुभव घेतलेल्या माणसाला अंधारातला प्रत्येक खडखडाट रणगाड्याचाच वाटणार.

२६/
म्हणून ‘सायकलींनी मलाया जिंकला’ हे विधान अर्धे खरे आहे. आकाशातले वर्चस्व, रणगाडे, समुद्रमार्गे मागून उतरवलेल्या तुकड्या आणि ब्रिटिश सेनापतींच्या चुका ही पराभवाची मोठी कारणे होती. सायकलीने त्यांत एक गोष्ट घातली. माघार घेणाऱ्याला श्वास घ्यायला, नवी फळी उभारायला जो वेळ लागतो, तो तिने मिळू दिला नाही.

२७/
सायकलस्वार अजिंक्यही नव्हते. १४ जानेवारी १९४२ रोजी गेमास गावाजवळ ऑस्ट्रेलियन सैनिकांनी एका पुलाजवळ सापळा लावला. आरामात, गप्पा मारत येणाऱ्या सायकलस्वारांपैकी शेकडो जणांना त्यांनी मुद्दाम पुढे जाऊ दिले आणि मग पूल उडवला. पुलावर आणि मागे असलेल्यांची मोठी हानी झाली. पण पुढे गेलेल्यांना तोफखान्याशी जोडणारी दूरध्वनीची तार सापडली आणि त्यांनी ती तोडली. सापळा अर्धाच यशस्वी झाला.

२८/
१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. शरण गेलेल्या सुमारे ८५,००० सैनिकांत जवळपास निम्मे भारतीय होते. त्यांतल्याच अनेकांमधून आझाद हिंद सेना उभी राहिली. मळ्यांतल्या तमिळ मजुरांच्या वाट्याला वेगळे दैव आले. रबराला गिऱ्हाईक उरले नाही, मळे ओस पडले आणि हजारो मजुरांना सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेण्यात आले. तेथे रोगराईने आणि उपासमारीने ते मोठ्या संख्येने मेले. त्यांच्या कबरींवर नावेही नाहीत.

२९/
मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती जाताच दोस्तराष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला. अमेरिकेत सरकारने लोकांकडून जुने टायर, पाण्याच्या नळ्या, रबरी बूट गोळा केले. टायर कमी झिजावेत म्हणून साऱ्या देशात मोटारींना ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली. दुसरीकडे कृत्रिम रबराचे कारखाने प्रचंड वेगाने उभे राहिले.

३०/
त्या धडपडीत ब्यूटिल रबराला महत्त्व आले. ते १९३७ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी शोधले होते आणि युद्धकाळात, १९४३ मध्ये, त्याचे मोठे उत्पादन सुरू झाले. त्याचा खास गुण असा की त्यातून हवा फार हळू झिरपते. नैसर्गिक रबराच्या ट्यूबमध्ये वरचेवर हवा भरावी लागे. ब्यूटिलची ट्यूब कितीतरी अधिक काळ टिकते. आज बहुतेक सायकलींच्या चाकांत हीच ट्यूब असते. खिळा लागला की तीही बसते आणि पंक्चर काढण्याची रीत अजूनही पाण्यात बुडबुडे शोधण्याचीच आहे.